काळ्या मातीवरचे नवे घर

सुरतेत घराचा सांगाडा उभा राहिला की उरतात गिलावा, रंग, गच्ची, अंगण आणि बाग. ही कामे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या महिन्यात करायची, हे इथे बव्हंशी पाणी ठरवते. शहरात वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. अरबी समुद्र जवळ असल्याने किनाऱ्याकडच्या भागात भूजल खारट असते. पायाखाली असते ती दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून तापीने आणलेली चिकट काळी माती. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना ती गावच्या कपाशीच्या शेतापासून ठाऊक आहे. पिकाला ती मानवते, भिंतीला नाही.

सिमेंट वाळून घट्ट होते हा समज चुकीचा आहे. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन ते घट्ट होते. आतला गिलावा सुमारे 12 आणि बाहेरचा 20 मिलिमीटर जाड असतो. एप्रिल-मेच्या उन्हात एवढ्या पातळ थरातले पाणी काही तासांत उडून जाते, संयोग अर्धवट राहतो आणि बारीक जाळीदार तडे पडतात. म्हणून निदान सात दिवस भिंत ओली ठेवावी लागते. रंगाची गरज नेमकी उलट असते. सिमेंट घट्ट होताना चुना मोकळा होतो आणि ताज्या गिलाव्याचा सामू 12 च्या वर जातो. अशा भिंतीवर तेलरंग दिला तर त्यातल्या तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावून हा तीव्रपणा कमी करतो, पण त्याला काही आठवडे लागतात. भिंतीत ओल उरली आहे का, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. हातभर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर भिंतीवर ठेवायचा; सकाळी आतून थेंब दिसले तर रंगाऱ्याला थांबवायचे. दिवाळीआधी रंग उरकण्याची घाई सुरतेत सर्रास दिसते, आणि तेव्हाच बाहेरच्या भिंती पावसाने सर्वांत जास्त मुरलेल्या असतात. हिवाळ्यातला रंग अधिक टिकतो.

लोणा हा त्याच ओलीचा दुसरा चेहरा. विटा, वाळू किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागाकडे सरकतात, पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. सोडियम सल्फेटसारखा क्षार पाणी धरून स्फटिक बनताना फुगून सुमारे चौपट होतो आणि गिलाव्याचे पापुद्रे काढतो. यावर पुट्टीचा हात फिरवणे म्हणजे दुखणे झाकणे. लोणा कोरडा घासून काढावा, ओल कुठून येते ते शोधावे आणि ती थांबल्यावरच पुढचे काम घ्यावे. बांधकामाला मचूळ पाणी वापरायचे नाही, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे.

गच्चीवर गुजरातेत रूढ असलेला चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे, इथे योग्यच आहे. तो ऊन परतवतो आणि उतार नीट असेल तर पाणीही साचू देत नाही. पावसाळ्यात लाकडी दारेही फुगतात, म्हणून ती घट्ट वाटली तरी लगेच रंधा मारू नये. नाहीतर हिवाळ्यात फटी दिसतील.

खरी कसोटी लागते ती अंगणात. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे सुमारे एक नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्यांच्यामध्ये शिरते. तेव्हा दोन पापुद्र्यांतले अंतर जवळजवळ दुप्पट होऊ शकते. पावसाळ्यात जमीन उचलते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगवटा असलेले खांब-पाये विकसित केले. ते निदान साडेतीन मीटर खोल जातात, कारण त्याखाली ओल फारशी बदलत नाही. मात्र ओटा, कुंपण आणि वाटा उथळ पायावर असतात, त्यामुळे तडे आधी तिथेच पडतात.

नुसत्या ओलीने नुकसान होत नाही. एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडेपणा असला की होते. म्हणून भिंतीला लागून फुलांचे वाफे करण्याची हौस इथे महागात पडते. भिंतीभोवती बाहेर उतरता फरसबंदी पट्टा हवा, काळ्या जमिनीत दोन मीटरपर्यंत रुंद असलेला बरा, वाफे त्यापलीकडे. शोषखड्डाही घरापासून लांब खणावा. काळी माती आधी भेगांतून पाणी घटाघटा पिते, मग फुगून तोंड मिटते. त्यानंतर पाणी तुंबणार, हे धरूनच उतार आखावा लागतो.

बागेच्या जागेवर गवंड्यांनी सिमेंट, विटांचा चुरा आणि गिलाव्याची ढेकळे टाकलेली असतात. काळी माती मुळातच किंचित अल्कधर्मी, त्यात हा चुना. अशा मातीत लोह असूनही विरघळत नाही, आणि जास्वंद-मोगऱ्याची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. नुसते खत ओतण्याआधी वरचा राडारोडा उचलावा, गाड्यांनी दाबलेली जमीन कोरडी असताना खणावी, मग शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. ओली काळी माती खणली तर तिची दगडासारखी ढेकळे बनतात. मचूळ पाणी असेल तिथे नारळ आणि चिकू तग धरतात. चिकू तर दक्षिण गुजरातचे घरचेच फळ.

वड, पिंपळ, उंबर यांना लहान अंगणात जागा नाही. त्यांची मुळे पायाखालची ओल ओढतात आणि माती एकाच बाजूने आकसते. पूर्ण वाढलेल्या झाडाची उंची जितकी, तितके अंतर घरापासून ठेवणे हा सर्वसाधारण नियम. छोट्या भूखंडावर तो पाळायचा तर कढीपत्ता, लिंबू, कण्हेर यांसारखी बुटकी झाडेच उरतात. पहिल्या वर्षी ओट्यावर तडा दिसला तर त्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून महिन्यागणिक अंतर मोजावे. उन्हाळ्यात रुंदावून पावसात मिटणारा तडा मातीचा असतो. त्यात सिमेंट भरले तर तो पुढच्या उन्हाळ्यात शेजारून फुटतो, म्हणून तिथे ताणला जाणारा लवचीक भराव वापरतात.