हौसेचा पंखा

निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टर येणार हे आमच्याकडे पेपरातून नाही, टँकरवरून कळतं. मोकळ्या मैदानावर टँकर पाणी मारायला लागला, चुन्याचा गोल काढून मधे ‘एच’ लिहिला, की कोणी तरी मोठा माणूस वरून उतरणार हे पोरांना आधी समजतं. २०२४ची विधानसभा नोव्हेंबरात झाली, म्हणजे ऐन वेचणीत. राळेगावच्या शिवारात ओटीत कापूस घेतलेल्या बायांनी आवाज आला की मान वर करायची, तो कुठल्या बाजूला गेला ते पाहायचं आणि पुन्हा पातीला लागायचं, असं चालू होतं. त्याच प्रचारात ११ नोव्हेंबरला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, वणीला, उद्धव ठाकरे यांच्या हेलिकॉप्टरमधल्या बॅगा निवडणूक कर्मचाऱ्यांनी तपासल्या आणि त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला.

त्याआधी राळेगावचं आभाळ गाजलं ते २०१८ मध्ये. टी-१, म्हणजे अवनी वाघीण शोधायला ड्रोन आले, पॅराग्लायडर आले, जमिनीवर हत्ती आणि शिकारी कुत्रे आले. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली आणि आभाळ पुन्हा बगळ्यांना मोकळं झालं. म्हणजे आमच्या डोक्यावरून जे उडालं ते मत मागायला किंवा वाघ शोधायला. निव्वळ हौस म्हणून, आपल्याला आवडतं म्हणून, कोणी उडालं असं इथं कुणाच्या आठवणीत नाही.

अशी हौस असते कशी, हे पाहायला विलायतेत जावं लागतं. नोएल एडमंड्स हा एके काळचा बीबीसीचा रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरचा लाडका निवेदक. हा गडी हेलिकॉप्टर उडवायला शिकला, स्वतःचं घेतलं आणि त्याच्या नोंदणीची अक्षरंही अशी मिळवली की वाचताना त्याचंच नाव यावं : ‘जी-नोएल’. आपल्याकडे बुलेटला आवडीचा नंबर मिळावा म्हणून आरटीओत जादा पैसे भरतात, तसलाच हा प्रकार, फक्त आभाळातला. हौस वाढत गेली आणि त्यानं भाड्यानं हेलिकॉप्टर देणारी कंपनीच काढली. १३ जुलै १९८५ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ ही मैफल झाली, तेव्हा कलाकारांची ने-आण करणारी हेलिकॉप्टरं त्यानं उभी केली. फिल कॉलिन्स हा गायक लंडनमध्ये गाऊन त्याच दिवशी अमेरिकेत फिलाडेल्फियालाही गायला. त्याला वेम्ब्लीहून हीथ्रोला, कॉन्कॉर्ड विमानापर्यंत पोचवलं ते एडमंड्सनं, स्वतः चालवून.

प्रसारण आणि हेलिकॉप्टर यांचं नातं त्याहून जुनं आहे. लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीनं १९५८ मध्येच कॅमेरा बसवलेलं हेलिकॉप्टर आभाळात नेलं होतं. त्याच शहरात १ ऑगस्ट १९७७ला दुसऱ्या एका वाहिनीचं हेलिकॉप्टर इंधन संपून कोसळलं. चालवत होता गॅरी पॉवर्स, १९६० मध्ये सोव्हिएत रशियावर ज्याचं यू-२ हेरविमान पाडलं गेलं तोच. वीस किलोमीटर उंचीवरून क्षेपणास्त्रानं पाडला तरी जगलेला माणूस वाहिनीचं हेलिकॉप्टर चालवताना गेला. हे यंत्र नाव पाहून माफ करत नाही.

महाराष्ट्रात हौसेच्या दोन टोकांची दोन उदाहरणं एकाच वर्षातली आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये भिवंडीजवळच्या वडपे गावात एका शेतकरी-व्यावसायिकानं दुधाच्या धंद्यासाठी फिरायला सोपं जावं म्हणून हेलिकॉप्टर घ्यायचं ठरवलं. चाचणीसाठी ते गावात उतरलंही. किंमत तीस कोटींच्या घरातली, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. राळेगाव जिल्ह्याच्या एका टोकाला, तर महागाव तालुक्यातलं फुलसावंगी दुसऱ्या टोकाला. तिथला चोवीस वर्षांचा एक तरुण, आठवीत शाळा सुटलेला, भावाच्या दुकानात पत्र्याची कपाटं आणि कूलर बनवणारा. त्यानं तीस कोटी जमवायचा विचार केला नाही. वेल्डिंगचं मशीन हाताशी होतं, मोबाइलमध्ये व्हिडिओ होते. दोनेक वर्षं खपून त्यानं पाइपांचा सांगाडा जोडला, त्यात मारुती ८००चं इंजिन बसवलं आणि त्याला नाव दिलं ‘मुन्ना हेलिकॉप्टर’. १५ ऑगस्टला ते लोकांना दाखवायचं ठरलं होतं. १० ऑगस्टच्या रात्री तो आत बसून चाचणी घेत असताना शेपटीचा पंखा तुटून मोठ्या पंख्यावर आदळला, मोठा पंखा खाली आला आणि त्याच्या डोक्याला लागला. पुसदच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवसांत दोन सूर ऐकू आले. एक, ‘गावाकडचा रँचो’ म्हणून गळा काढणारा. दुसरा, ‘येड्यासारखं काहीही करतात’ म्हणून हात झटकणारा. मला दोन्ही पटले नाहीत. त्याचं चुकलं कुठं, हे त्याच्यासारख्याच कारागिराला समजेल अशा भाषेत सांगायला कोणी बसलं नाही.

हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका बाजूला फिरला की धड उलट्या बाजूला फिरू पाहतं. ते आवरायला शेपटीवर छोटा पंखा लागतो. तो छोटा दिसतो, पण मोठ्या पंख्यापेक्षा कितीतरी वेगानं फिरतो, आणि त्याच्या पात्याच्या बुडाशी बाहेर फेकणारा जोर पात्याच्या वजनाहून प्रचंड मोठा असतो. कूलरच्या पंख्याचं पातं वाकलं तर कूलर थरथरतो. इथं पातं किंचित जड-हलकं झालं तर तीच थरथर जोड खात जाते. वेल्डिंगचा टाका वरून चकचकीत दिसला तरी आत शिणलेला असू शकतो आणि तो शीण नुसत्या डोळ्याला दिसत नाही. शिवाय मारुती ८००चं ७९६ सीसीचं इंजिन साधारण ३७ अश्वशक्तीचं. शिकाऊ वैमानिकांच्या हाती असतं ते रॉबिन्सन आर-२२ हे दोन माणसांचं हेलिकॉप्टर सव्वाशेच्या आसपास अश्वशक्तीवर चालतं.

इगॉर सिकोर्स्कीनं १४ सप्टेंबर १९३९ला आपलं व्हीएस-३०० उचललं, तेव्हा त्यात ७५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. पाठीशी कारखाना, इंजिनिअर, विमानं बांधण्याचा तीसेक वर्षांचा अनुभव. तरी ते यंत्र त्यानं दोरांनी जमिनीला बांधलं होतं. खुंट्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखं ते काही फूट उचलायचं आणि पुन्हा टेकायचं. दोर सुटले ते १३ मे १९४०ला, आठ महिन्यांनी. फुलसावंगीत मोबाइलनं उडालेली हेलिकॉप्टरं दाखवली. हे आठ महिने कोणी दाखवले नाहीत.

कायद्याचा रस्ता धरला असता तर? खासगी वैमानिक व्हायला आपल्याकडे वय १७ आणि शिक्षण किमान दहावी पास लागतं. आठवीला शाळा सुटलेल्या पोराला ते दार उंबऱ्यावरच बंद. आणि दार उघडं असलं म्हणून सगळं सोपं होतं असंही नाही. कॅप्टन अमोल यादव हे नोकरीतले प्रशिक्षित वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळाली २०१७च्या नोव्हेंबरात, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं २०२०च्या ऑगस्टात. ज्याला नियम पाठ, ज्याच्यासाठी सरकारदरबारी शब्द टाकला गेला, त्याची ही गत. यवतमाळजवळ भारीलाही धावपट्टी आहे. तिथून रोजचं प्रवासी विमान सुटत नाही. पण ती पाहायला, विमानाच्या पंखाला हात लावायला जिल्ह्यातल्या आयटीआयच्या पोरांना कोणी नेलं, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.

एडमंड्सच्या हौसेमागे शिकवणारा होता, परवाना होता, ठरल्या तासांनी पाती तपासून सही करणारा मेकॅनिक होता. हौस दोघांची सारखीच. फुलसावंगीच्या तरुणाकडे सही करणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि माझ्या मते फरक पैशापेक्षा तिथं पडला.

तुमच्या गावातल्या एखाद्या पत्र्याच्या दुकानात आज असंच काही उभं राहत असेल. त्याला हसू नका, हारही घालू नका. एवढंच सांगा, की पंखा पहिल्यांदा फिरवशील तेव्हा आत बसू नकोस. सांगाडा चारी बाजूंनी जमिनीला बांध, वायर लांब घे, आणि बटण दाबायला वाळूच्या पोत्यांच्या भिंतीआड उभा राहा.