अंगणातली भाजी

होळी जवळ आली, की हिंगणघाटच्या आसपास पळस फुलतो. शेतातला कापूस वेचून झालेला असतो. पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात. थंडी सरलेली असते, पण ऊन अजून तापलेले नसते. हाच आपला वसंत. तो आपल्याकडे फार दिवस मुक्काम करीत नाही. चैत्र लागला की ऊन चढू लागते. वैशाखात तर पारा कधी कधी ४५ अंशांच्याही वर जातो.

मग हिरवी भाजी महाग होते. जी मिळते तीही सुकलेली. पण घरात लहान मुले असतात, एखादी गरोदर बाई असते. त्यांना हिरवा पाला हवाच. पाल्यात लोह असते. अंगात रक्त वाढायला ते लागते. भाजीवर लिंबू पिळले, तर ते लोह अंगी जास्त लागते. पाल्यातून ‘अ’ जीवनसत्त्वही मिळते. त्याची उणीव पडली, तर मुलांना संध्याकाळी नीट दिसत नाही. त्याला रातांधळेपणा म्हणतात.

तेव्हा फाल्गुन लागताच अंगणात एक छोटा वाफा करावा. दोन हात रुंद, चार हात लांब, एवढा पुरे. अंगण नसेल तर फुटकी बादली घ्या, जुने घमेले घ्या. बुडाला दोन-तीन भोके पाडा. काम मुलांना बरोबर घेऊन करा. बागेतून मुले किती शिकतात, हे आपल्या जिल्ह्याला नवे नाही. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. हाताच्या कामातून मुलांना शिकवावे, हा विचार तिथे मांडला गेला. त्यालाच पुढे नई तालीम म्हणू लागले. सेवाग्रामच्या शाळेत मुले सूत कातीत, तशीच भाजीही पिकवीत.

माती कशी करावी?

आपली माती काळी. हिंगणघाटचा कापूस एके काळी दूरवर नावाजलेला होता, तो याच मातीतला. पण कुंडीत ही माती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगते. वाळली की तिला भेगा पडतात. पाणी साचले की मुळे कुजतात. म्हणून दोन टोपल्या मातीत एक टोपली वाळू मिसळा. एक टोपली चांगले कुजलेले शेणखतही घाला. ताजे शेण घालू नका. ते कुजताना तापते, आणि रोपे जळतात.

बियांची परीक्षा

हे काम मुलांना फार आवडते. भेंडीच्या 10 बिया मोजून घ्या. ओल्या फडक्यात गुंडाळा. फडके रोज ओले ठेवा. सहा-सात दिवसांनी उघडून पाहा. किती बियांना मोड आले? 8 आले, तर बी चांगले. 5 आले, तर दुप्पट दाट पेरा. 2 च आले, तर ते बी ठेवू नका. पोरगं मोजता मोजता हिशेब शिकते, आणि पेरणीही वाया जात नाही.

उन्हाळ्यात भेंडी, गवार, बरबटी, दोडका, लवकी, ढेमसे, कोहळे ही पिके येतात. पाल्यात माठ आणि अंबाडी घ्या. माठ महिनाभरात खुडायला येतो. सांभाराला मात्र सावली लागते. सांभाराचे बी म्हणजे आपले धणेच. ते हाताने रगडून दोन फाका करावेत आणि मग पेरावेत.

मडक्याचे पाणी

उन्हाळ्यात पाण्याचीच खरी अडचण. प्यायला पुरत नाही, तिथे झाडांना कुठून घालणार? त्याला एक जुना उपाय आहे. मातीचे साधे मडके घ्या. रंग दिलेले नको. ते गळ्यापर्यंत वाफ्यात पुरा आणि पाण्याने भरा. त्याच्या भोवती वीतभर अंतरावर बिया लावा. मडक्याला बारीक छिद्रे असतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. भोवतालची माती वाळली, की त्यांतून पाणी हळूहळू झिरपते. मुळे ते पितात. वरून घातलेले पाणी उन्हाने उडून जाते, तसे हे जात नाही. मडक्याचे तोंड मात्र झाकून ठेवा. उघडे राहिले, तर त्यात डास अंडी घालतात.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी फेकू नका. तेच मडक्यात ओता. वाफ्यावर वाळला पालापाचोळा पसरा. ओल टिकते.

पऱ्हाटीचा मांडव

पऱ्हाट्या नि तुराट्या सगळ्याच चुलीत घालू नका. थोड्या बाजूला ठेवा. वाफ्याच्या पश्चिमेला त्यांचा मांडव करा. त्यावर दोडका किंवा लवकी चढवा. दुपारचे कडक ऊन वेल झेलतो, आणि खाली माठ व सांभार थंड राहतात.

वेलाला फुले आली, की मुलांना सकाळी लवकर तिथे न्या. कोहळ्याला दोन तऱ्हेची फुले येतात. एकाच्या खाली नुसता देठ असतो. ते नर फूल. दुसऱ्याच्या खाली इवलेसे कोहळे असते. ते मादी फूल. नराचा पराग मादीवर पडला, तरच फळ धरते. हे काम मधमाशी करते. माशी दिसली नाही, तर नर फूल तोडा. त्याच्या पाकळ्या काढा. मधला भाग मादी फुलावर हलकेच फिरवा. कच्ची फळे पिवळी पडून गळतात, त्याचे एक कारण हेच असते.

एवढी काळजी घ्या

आपला भाग कापसाचा. घरात फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे असतात. त्यांत झाड लावू नका. त्यांनी पाणी घालू नका. कितीही धुतले, तरी विष उरते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. मोठ्या माणसांची ही गत, मग लेकरांचे काय? पाकिटातल्या काही बियांनाही औषध चोळलेले असते. असे बी बहुधा रंगीत दिसते. ते मुलांच्या हाती देऊ नका. मोठ्यांनी पेरावे, आणि साबणाने हात धुवावेत. उरलेले बी खाण्यात येऊ देऊ नये.

अंगणातल्या भाजीवर फवारणी नकोच. किडके पान दिसले, तर तोडून टाका. माव्यावर पाण्याची जोरदार धार मारा. बराचसा मावा धुऊन जातो.

पेरले त्या दिवशी एका पाटीवर तारीख लिहा. पिकाचे नाव लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आपल्या हातचे असावे. भाजी निघाली, की त्याच पाटीवर पुन्हा तारीख लिहा. किती दिवस लागले, ते मुलांना मोजायला सांगा.

वाचून सांगा

1. काळ्या मातीत वाळू का मिसळावी?
2. मडक्याचे तोंड का झाकावे?
3. कोहळ्याचे मादी फूल कसे ओळखाल?
4. तुमच्या घरी औषधाचे रिकामे डबे आहेत काय? त्यांचे काय करता?