प्रकाशाची वेस आणि कोयनेची वीज

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर निवर्तले. कोल्हापुरात जन्मलेल्या या शास्त्रज्ञाच्या विज्ञानकथांनी मराठी वाचकाला अंतराळाची गोडी लावली. ती गोडी लागलेला विद्यार्थी, मग तो साताऱ्याचा असो की सांगलीचा, एक प्रश्न हमखास विचारतो: मनुष्य प्रकाशाहून अधिक वेगाने प्रवास करील काय? आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगतो की, करीलच. ध्वनीचा वेगही एकेकाळी अशक्यच मानला जात होता, पण १९४७ साली चक येगर यांनी तो ओलांडून दाखविला. हा युक्तिवाद आकर्षक असला, तरी तपासून घेण्याजोगा आहे.

ध्वनीच्या वेगापुढे जाण्यास निसर्गाचा कोणताही नियम आड येत नव्हता. बंदुकीची गोळी तो वेग ओलांडत होतीच. इतकेच काय, गाडीवानाच्या आसुडाचा कडाका ऐकू येतो, तोही आसुडाचे टोक ध्वनीच्या पुढे जाते म्हणूनच. अडचण होती ती विमानाच्या बांधणीची. प्रकाशाची गोष्ट वेगळी आहे. जिनिव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेतील महाकाय यंत्रात प्रोटॉनला प्रचंड ऊर्जा दिली जाते, तरीही तो प्रकाशाच्या मागे सेकंदाला सुमारे ३ मीटरने राहतोच. आणखी ऊर्जा द्यावी, तर अंतर किंचित घटते; पण मिटत नाही.

प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र असल्याने त्याला यात वाढत्या सीमान्त खर्चाचा नियम दिसतो. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. तेथील सर्व संच अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालले (पाण्याच्या वाटपामुळे ते तसे चालत नाहीत, ही गोष्ट निराळी), तर अवघ्या एक किलो वजनाला प्रकाशाच्या ९० टक्के वेग देण्यास जवळजवळ दोन वर्षांची वीज लागेल. ९९ टक्क्यांसाठी नऊ वर्षांची, ९९.९ टक्क्यांसाठी एकतीस वर्षांची. आणि पूर्ण शंभर टक्क्यांसाठी? तेथे हिशेबच संपतो. खर्च अनंत होतो. हा सारा खर्च किलोभर वस्तूचा; यान, माणसे आणि इंधन यांचा विचार अजून केलेलाच नाही.

मग वाट पूर्णपणे बंद आहे काय? १९६२ साली बिलान्यूक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये एक निबंध लिहिला. देशपांडे हे आडनाव आपल्या वाचकांना घरचेच वाटेल; जॉर्ज सुदर्शन मूळचे केरळचे. त्यांचे म्हणणे असे की, सापेक्षतावाद वेस ओलांडण्यास मनाई करतो, वेशीपलीकडे जन्मण्यास नव्हे. हिमालय चढून कोणी जाऊ शकत नाही, म्हणून पलीकडे माणसेच नसतील असे मानणाऱ्या लोकसंख्याशास्त्रज्ञाचा दाखला सुदर्शन देत असत. अशा कणांना १९६७ साली गेराल्ड फाइनबर्ग यांनी ‘टॅकिऑन’ हे नाव दिले. त्यांची रीतच उफराटी: ऊर्जा गमावली की ते अधिक वेगाने धावतात. प्रसरण पावणाऱ्या विश्वात त्यांचे काय होईल, याचा विचार १९७६ साली नारळीकर आणि सुदर्शन यांनी मिळून केला. टॅकिऑन आजवर सापडलेला नाही. तरीही आपल्या मंडळींनी हा प्रश्न थट्टेवारी न नेता गणिताने तपासला, याचे मोल प्रस्तुत लेखकास मोठे वाटते.

२०११ च्या सप्टेंबरात मात्र वेस मोडल्याची वार्ता जगभर गाजली. सर्नहून इटलीतील ग्रान सासो येथे, ७३० किलोमीटरवर पाठविलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचल्याचे ‘ऑपेरा’ प्रयोगात दिसले. जाणकारांना संशय आला, तो १९८७ च्या अतिनवताऱ्यामुळे. त्याचे न्यूट्रिनो सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे चालून आले, ते प्रकाशाच्या केवळ काही तास आधी. आणि तेही तारा फुटताना प्रकाश आतच अडकून पडला होता म्हणून. ऑपेराचा वेग खरा असता, तर ते चार वर्षे आधी यावयास हवे होते. पुढे २०१२ साली प्रकाशतंतूची एक जोडणी सैल राहिल्याचे आढळले. प्रयोगकर्त्यांनी आपला विचित्र निष्कर्ष दडविला नाही, तो इतरांपुढे तपासणीस ठेवला. वर्तमानपत्री मथळ्यांना मात्र तेवढा धीर नव्हता.

मेक्सिकोच्या मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ साली यानापुढील अवकाश आकसवून मागील अवकाश प्रसरण पावविण्याची कल्पना मांडली. तीस ऋण ऊर्जा अफाट प्रमाणात लागते. ती कोठून आणावी, हे कोणासही ठाऊक नाही.

या सर्व प्रकरणात एका अर्थशास्त्रज्ञानेही हात घातला आहे. २००८ चे नोबेल मिळविणारे पॉल क्रुगमन यांनी तरुणपणी, १९७८ साली, आंतरतारकीय व्यापारावर अर्ध्या विनोदाने एक निबंध लिहिला. समजा, सांगलीच्या हळदपेठेतील व्यापाऱ्याने बँकेकडून एक लाख रुपये बारा टक्क्यांनी घेऊन सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे, म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षांवर, माल धाडला. यान ९९ टक्के वेगाने जाऊन परतले, तर येथे साडेआठ वर्षे लोटतील, खलाशांच्या घड्याळात मात्र जेमतेम सव्वा वर्ष. व्याज कोणत्या घड्याळाने मोजावे? खलाशांच्या घड्याळाने देणे एक लाख पंधरा हजारांच्या आसपास, बँकेच्या घड्याळाने दोन लाख साठ हजारांवर. क्रुगमन यांचा निर्वाळा ग्रहावरील घड्याळाच्या बाजूने आहे. कारण तेच पैसे त्या काळात येथे गुंतविता आले असते.

हा हिशेब प्रकाशाच्या वेशीआत चोख बसतो. वेशीपलीकडे तो का बसत नाही, हे त्याच व्यापाऱ्याला विचारावे. प्रकाशाहून जलद निरोप धाडता आला, तर सापेक्षतावादानुसार योग्य गतीने जाणाऱ्या एखाद्या निरीक्षकाला तो निघण्यापूर्वीच पोहोचलेला दिसेल. आणि उलट निरोपही तसाच जलद आला, तर प्रश्न विचारण्याआधी उत्तर हाती येईल. पुढील वर्षीचा हळदीचा भाव आजच कळला, तर वायदेबाजारात सौदा करणार कोण आणि कोणाशी?