पंप उचलण्याआधी पंख पाहा

शेतकरी बंधूंनो, लिंबू-संत्र्याला नवती फुटली की बागेत फुलपाखरं घिरट्या घालू लागतात. दिसलं फुलपाखरू की मारला फवारा, असं करू नका. आधी पंख नीट बघा.

काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात तांबडा ठिपका, अन् शेपटी नाही, तर ते लिंबावरचं फुलपाखरू. ते कोवळ्या पानांवर अंडी घालतं. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते. रोपवाटिकेत आणि लहान कलमांवर ती पाला फस्त करते. झाडं थोडी असतील तर अळ्या हातानं वेचाव्यात. हाच स्वस्त उपाय.

तळहातापेक्षा रुंद, काळं, मागच्या पंखांवर निळी झळाळी, तर तो नीलवंत. २०१५ साली हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं. त्याची अळीही लिंबूवर्गीय पानं खाते. पण एखाददुसरी दिसली म्हणून औषध मारू नका.

नारिंगी पंख, काळ्या टोकांवर पांढरे ठिपके, तर ते बहुधा रुईवर वाढणारं. त्याचा बागेला काही त्रास नाही.

ग्रामसेवकांनी एवढी ओळख पंचायतीच्या फलकावर लिहिली, तर पुष्कळांचा औषधाचा खर्च वाचेल.