बटण सेलमुळे होणारी अन्ननलिकेची इजा

बटण सेलमुळे होणारी अन्ननलिकेची इजा ही लहान मुलांमधील तातडीच्या उपचारांची गरज असलेली वैद्यकीय अवस्था आहे. घड्याळे, रिमोट, खेळणी इत्यादींतील चकतीसारखा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. २० मिमी व्यासाचे, ३ व्होल्टचे लिथियम सेल सर्वाधिक धोकादायक असतात.

== कारण ==
सेलमधील रसायन गळूनच इजा होते, हा समज अपुरा आहे. अन्ननलिकेच्या ओल्या अस्तरातून विद्युत्प्रवाह वाहू लागतो व सेलच्या ऋण ध्रुवाजवळ हायड्रॉक्साइड तयार होते. या तीव्र अल्कलीमुळे ऊती विरघळू लागतात. उपकरण चालवू न शकणाऱ्या वापरलेल्या सेलमध्येही एवढी शक्ती शिल्लक असू शकते.

== लक्षणे व निदान ==
लाळ गळणे, खाण्यास नकार, उलटी, खोकला ही लक्षणे सर्दी-खोकल्यासारखी भासतात. काही मुलांत आरंभी लक्षणेच नसतात. क्ष-किरण चित्रात सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते. यावरून तो नाण्यापासून वेगळा ओळखता येतो.

== उपचार ==
अडकलेला सेल दुर्बिणीद्वारे त्वरित काढणे हा मुख्य उपचार होय. मुलाला उलटी करवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, ते गिळू शकत असेल आणि सेल गिळून १२ तास झाले नसतील, तर रुग्णालयात नेताना दर १० मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देण्याची शिफारस केली जाते. मात्र त्यासाठी विलंब करू नये. मध इजेची गती कमी करतो, सेल काढण्याची गरज टाळत नाही. एक वर्षाखालील बालकांना बोट्युलिझमच्या धोक्यामुळे मध वर्ज्य आहे.

सेल काढल्यानंतर छिद्र नसल्यास इजेची जागा सौम्य ॲसिटिक आम्लाने धुतली जाते.

== गुंतागुंत ==
सेल निघाल्यानंतरही इजा वाढत राहू शकते. अन्ननलिका व श्वासनलिका यांच्यात मार्ग तयार होणे, अन्ननलिका अरुंद होणे, स्वरतंतूंचा पक्षाघात हे परिणाम नंतर दिसतात. इजा महाधमनीपर्यंत पोचल्यास कित्येक दिवसांनी किंवा आठवड्यांनी प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून घरी परतलेल्या मुलाच्या उलटीत अल्प रक्त दिसले किंवा शौच काळे झाले, तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. अरुंद झालेली अन्ननलिका फुग्याच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने रुंद केली जाते.

== प्रतिबंध ==
सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारी उपकरणे वापरणे आणि नवे-जुने सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवणे, हे प्रमुख उपाय आहेत.