बियांसाठी भांग

उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरात भांग म्हटलं की आधी चटणी आठवते. भाजलेलं बी हिरवी मिरची, पुदिना, कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटायचं, वर लिंबू पिळायचं. बियांत नशा जवळपास नसतेच. असतं ते तेल, साधारण एक तृतीयांश, आणि भरपूर प्रथिनं.

ही झाडं रस्त्याकडेला, गोठ्यामागे, ओस पडलेल्या पायऱ्यांच्या शेतांतही आपोआप उगवतात. मुद्दाम पेरायची तर उन्हाळा सरताना. बी दाट पडलं की रोपं उजेडासाठी चढाओढ करत सरळ, बिनफांद्यांची वाढतात आणि लांब धागा देतात. विरळ पेरली तर फांद्या फुटतात, बी जास्त धरतं. माकडं आणि रानडुकरं या पिकाच्या वाटेला फारशी जात नाहीत, असं शेतकरी सांगतात. मका-मंडुव्याची (नाचणीची) नासाडी सोसलेल्यांना हा मोठाच दिलासा.

पावसाळा संपत आला, दिवस आखूड झाले की फुलोरा येतो आणि नर-मादी ओळखू येतात. पराग उधळून नर लवकर सुकतो. त्याचा धागा मऊ, म्हणून तो आधी काढतात. मादी बी पिकेपर्यंत उभी.

मग पेंढ्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. ताग किंवा अंबाडी कुजवलेल्यांना तो वास ओळखीचा वाटेल. साल सुटली की सोलून, धुऊन, वाळवून तिचे दोर वळतात, गुरांची दावी करतात. पूर्वी याच धाग्याचं ‘भंगेला’ नावाचं जाडंभरडं कापड विणलं जाई.

नशा साठते मादीच्या फुलोऱ्यावरच्या चिकट ग्रंथींत. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे हेच फुला-फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बी त्यातून वगळलेली. तरीही विनापरवाना झाड लावणं गुन्हाच, शिक्षा १० वर्षांपर्यंत. याच कायद्याचं १४वं कलम मात्र धागा किंवा बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याची मुभा सरकारला देतं. उत्तराखंडाने २०१८मध्ये त्याच आधारे परवाने द्यायला सुरुवात केली. त्यातली एक अट कडक: नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको.

घोडं अडतं ते इथे. डोंगरातल्या गावठी भांगेत टीएचसी सहसा याहून जास्त असतं. कमी नशेचं बी बाहेरून आणलं तरी पराग वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातो. शेजारच्या उतारावरच्या रानटी नराने यंदाच्या झाडाची नशा वाढत नाही, पण त्याच्या बियांत संकर उतरतो. म्हणून घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरायची जुनी रीत परवानाधारकाला महागात पडू शकते. शेत रानटी भांगेपासून दूर ठेवायचं किंवा दरवर्षी तपासलेलं बी विकत घ्यायचं, एवढंच त्याच्या हाती उरतं.