वागण्याचे माप

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ असे सहसा म्हणत नाही. शेजारच्या गावी जावयाचे असो की सातासमुद्रांपलीकडे, उंबरठा ओलांडताना तो ‘येतो’ असेच म्हणतो. आणि घरातील वडील माणसेही ‘ये’ म्हणून त्याला निरोप देतात. शब्दाचा नुसता अर्थ पाहू गेल्यास हे बोलणे उलटे ठरेल. जाणारा जात असतो, येत नसतो. परंतु मागे राहणाऱ्याच्या मनात त्या क्षणी एकच विचार असतो, की हा परत केव्हा येईल? तो विचार त्याने बोलून दाखविण्यापूर्वीच त्याला दिलेले उत्तर म्हणजे ‘येतो’ हा शब्द होय.

‘वाढवणे’ हा असाच दुसरा शब्द. देवापुढे नारळ फोडीत नाहीत, वाढवतात. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानदार रात्री फळ्या लावू लागला, की तो दुकान वाढवतो. यात अशुभाची थोडीफार भीती दडलेली आहे, हे मी नाकारीत नाही. तरीही मला या शब्दांत भीतीपेक्षा माया अधिक दिसते. आपल्या तोंडून निघालेल्या शब्दाने ऐकणाऱ्याच्या मनावर ओरखडा उठू नये, एवढी काळजी ज्यांनी घेतली, त्यांना शिष्टाचाराची पुस्तके वाचावी लागली नसतील.

आपल्या बोलण्याने वा कृतीने दुसऱ्याला काय वाटेल, हे क्षणभर थांबून पाहणे हाच शिष्टाचाराचा गाभा आहे. ‘आभारी आहे’, ‘क्षमा करा’ असे चार शब्द पाठ केले, की तो अंगी आला असे होत नाही. आपल्या घरांतून तर ‘आभार’ हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. आईने पाण्याचा पेला हातात दिला, म्हणून कोणी उठून तिचे आभार मानीत नाही. परंतु पाणी पिऊन झाल्यावर तो पेला तेथेच लोळत न टाकता मोरीत नेऊन ठेवला, तर आभाराचे काम झालेच. आणि शब्दाने झाले असते त्याहून चांगले झाले.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘शिष्ट’ या शब्दाचा मूळ अर्थ चांगले वळण लागलेला, सुसंस्कृत माणूस असा आहे. पण ‘तो मुलगा फार शिष्ट आहे’ असे आज आपण म्हणतो, तेव्हा त्याची स्तुती करीत असतो काय? मुळीच नाही. तो आखडून वागतो, आपल्याला कोणी विशेष समजतो, असे आपल्याला सुचवावयाचे असते. इतक्या चांगल्या शब्दाची अशी दुर्दशा का झाली असावी? माझे मत असे, की ज्यांनी शिष्टाचाराचा देखावा मांडला, पण दुसऱ्याकडे पाहिले नाही, अशा माणसांनीच हा शब्द बदनाम केला. औषध कितीही गुणकारी असले तरी मापाबाहेर घेतल्यास बाधते. चांगल्या वागण्यालाही माप लागते.

हे माप कोठे शिकावे? आपल्या जेवणाच्या ताटाकडे पाहा. ताट वाढण्याची आपल्याकडील जुनी पद्धत मोठी विचारपूर्वक ठरविलेली आहे. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. समोर वरणभाताची मूद. जे चवीपुरते खावयाचे ते डावीकडे आणि थोडे. जे पोटभर खावयाचे ते उजवीकडे, हाताशी. कोणताही पदार्थ वर्ज्य नाही, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रमाणही ठरलेले. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगितले आहे. फार झोपणाऱ्याचे व सतत जागणाऱ्याचेही तसेच. ज्या गृहिणीने हा श्लोक कधी ऐकला नसेल, तिच्याही ताटात तो विचार रोज वाढलेला असे.

पंगतीतील वळण याहूनही पाहण्यासारखे. शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्याखेरीज पहिल्याने घास घ्यावयाचा नाही. ज्याचे जेवण आधी आटोपले, त्याने हात आवरून बसून राहावयाचे; एकट्याने उठावयाचे नाही. ‘सावकाश होऊ द्या’ असे यजमान सर्वांना सांगत फिरतो. या नियमाचा खरा लाभ कोणाला होतो? ज्यांना लवकर जेवता येत नाही, त्यांना. दात पडलेले आजोबा आणि घासाघासाला रेंगाळणारा चिमुरडा या दोघांनाही, आपल्यामुळे कोणी खोळंबले आहे, असे वाटू नये यासाठी सारी पंगत थांबते. शिवाय वाढपी पुन्हापुन्हा फिरत असल्यामुळे पहिल्याच खेपेस पान भरून घेण्याचे कोणाला कारण पडत नाही. हल्ली समारंभात हाती ताटली घेऊन उभ्याने जेवण्याची रीत पडली आहे. तीत वाईट असे काही नाही. पण पुन्हा रांगेत उभे राहण्याचा कंटाळा म्हणून कित्येकजण एकदाच ताटलीत डोंगर रचतात, आणि त्यातील पुष्कळसे अन्न शेवटी टोपलीत जाते. भुकेचे माप डोळ्यांनी घेतले, की असे होते.

मात्र पंगतीचे सगळेच कौतुक करण्याजोगे होते, असे समजू नका. आग्रह हा तिच्यातील मोठाच दोष. पाहुण्याने दोन्ही हात पानावर आडवे धरावेत आणि यजमानाने त्यांतूनही जिलबी सोडावी, याला पाहुणचार म्हणत असत! येथे यजमानाचे लक्ष पाहुण्याच्या पोटाकडे नसते, आपल्या नावलौकिकाकडे असते. एकदा विचारावे, फार तर दुसऱ्यांदा विचारावे. तिसऱ्यांदा ‘नको’ आले, की पळी मागे घ्यावी. पाहुण्यानेही मनात हवे असताना ‘नको नको’ म्हणत बसू नये. मोकळेपणाने ‘हवे’ म्हणणे आणि मोकळेपणाने ‘पुरे’ म्हणणे या दोन्ही गोष्टी यावयास हव्यात.

अन्नाप्रमाणे वेळेलाही माप असते. महात्मा गांधी १९३६ पासून वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहू लागले, ते पुढे सेवाग्राम या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे प्रार्थना, जेवण, सूतकताई, फिरणे, भेटीगाठी हे सर्व ठरल्या वेळी होत असे. अंगावर वस्त्र अगदी थोडे. पण कमरेला घड्याळ नेहमी लटकलेले असावयाचे. टपालातून आलेली पाकिटे फेकून न देता ती उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत. इतके लहान लहान हिशेब एवढ्या मोठ्या माणसाने का ठेवावेत? कारण वाया गेलेला कागद कोणाच्या तरी श्रमाचा असतो, आणि आपण दवडलेली दहा मिनिटे पुष्कळदा आपली नसून आपली वाट पाहणाऱ्यांची असतात. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबले, आणि सायंकाळी पाचच्या प्रार्थनेला निघण्यास गांधीजींना काही मिनिटांचा उशीर झाला. लोक प्रार्थनास्थानी बसले होते. झालेला उशीर आपल्याला आवडला नाही, हे त्यांनी बरोबरच्या मुलींना चालता चालता बोलून दाखविले. त्यानंतर थोड्याच क्षणांत त्यांची हत्या झाली. सगळ्या देशाचा भार ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांनाही आयुष्याच्या अखेरच्या वाटेवर वाट पाहणाऱ्या लोकांची चुटपूट लागली होती.

रोजच्या वागण्यातील चुका हेरण्यात समर्थ रामदासांचा हात कोणी धरणार नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी मूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. आपणच आपली स्तुती करणारा, कारणावाचून हसणारा, दोघे बोलत असता मध्येच जाऊन बसणारा, असे किती तरी मूर्ख तेथे एकामागून एक भेटतात. आज समर्थ असते, तर समोरचा माणूस जीव तोडून बोलत असता मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरविणाऱ्यालाही त्यांनी त्या यादीत बसविले असते, याविषयी मला शंका नाही. त्याच दशकाच्या शेवटी ‘पढतमूर्ख’ येतो. हा शिकलेला असतो. चांगले काय ते त्याला ठाऊक असते, दुसऱ्यांना तो ते सांगतही असतो. फक्त स्वतः तसे वागत नाही. पहिला मूर्ख सुधारण्याची आशा असते. कारण त्याला कोणी सांगितले तर तो शिकेल. पढतमूर्खाला सांगावयाचे तरी काय?

पुस्तकाबाहेरही चांगल्या वागण्याच्या शाळा पुष्कळ आहेत. पंढरीच्या वारीत थोरामोठ्यांचे वय वा मान न पाहता वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. मुंबईच्या लोकलगाडीतही एक न लिहिलेला नियम आहे. तिघांसाठी असलेल्या बाकावर चौथा उतारू येऊन उभा राहिला, की आधीचे तिघे थोडे थोडे सरकतात व त्याला टेकण्यापुरती जागा करून देतात. चौघांनाही अडचण होते. पण ती वाटून घेतल्यामुळे सोसवते. उभ्या असलेल्या माणसाची पिशवी खिडकीशी बसलेला अनोळखी माणूस आपणहून हात पुढे करून घेतो व फळीवर ठेवतो. त्याच गाडीत दारातून आत शिरताना हीच माणसे कशी धक्काबुक्की करतात, हे ज्यांनी पाहिले आहे, ते मला हसतील. हसोत बापडे. गर्दीत माणूस जसा रानटी होतो, तसाच समंजसही होतो, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

आता मापाविषयीची सर्वांत अवघड गोष्ट. लबाड व्यापाऱ्याजवळ दोन मापे असतात, असे म्हणतात. एक घेण्याचे आणि एक देण्याचे. वागण्यातही तसे असू शकते. मराठीत यासाठी ‘पंक्तिप्रपंच’ असा नेमका शब्द आहे. एकाच पंगतीत आपल्या माणसाच्या भातावर तुपाची धार आणि परक्याच्या भातावर थेंब, असा भेद करणे म्हणजे पंक्तिप्रपंच. तो करणे हे हलकेपणाचे लक्षण मानले जाई. परंतु ज्या समाजाला तुपाच्या धारेतील एवढासा फरकही बोचत होता, त्याच समाजाने लक्षावधी माणसांना पंगतीला बसूच दिले नाही. आणि आपल्या वागण्यात काही चुकते आहे, असे फार थोड्यांना वाटले. घरात गोड बोलणारी, अतिथीला देव मानणारी, वडिलांपुढे मान वर न करणारी माणसे पाणवठ्यावर दुसऱ्या माणसाला पाण्याचा थेंब घेऊ देत नव्हती.

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत या दृष्टीने आठवावी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे पुढील वर्षी खुले केले होते. तळ्यावर गुरे पाणी पीत. तरीही अस्पृश्य मानलेल्या माणसांना तेथे प्रत्यक्षात पाणी पिता येत नव्हते. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. कागदावरचा ठराव तोवर माणसांच्या वागण्यात उतरला नव्हता.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज राज्य करीत होते, त्या काळातील एक गोष्ट सांगतो. महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२ अशी झाली. त्यांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक नोकर होते. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास मदत केली. गंगारामांनी चहाचे दुकान काढले. दुकान चांगले होते, स्वच्छ होते. पण अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यावयास येणार कोण?

महाराजांना हुकूम काढता आला असता. परंतु हुकमाने माणूस दुकानापर्यंत येईल. कप ओठाला लावील तो नाखुशीनेच. म्हणून महाराजांनी वेगळीच युक्ती केली. आपली गाडी ते गंगारामांच्या दुकानासमोर उभी करावयास लावीत आणि मोठ्याने चहा मागवीत. पहिला कप ते स्वतः घेत. मग गाडीत बरोबर बसलेल्या, जातीचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींपुढेही कप येत. समोर छत्रपती चहा पीत असताना ‘नको’ कोण म्हणणार? भर रस्त्यात येणारे-जाणारे हे सारे पाहत असत. चहा संपला, की गाडी पुढे निघे.